दह्यानची बस कुणाच्या हिशेबात?

९ ऑगस्ट २०१८ हा गुरुवार होता. आपल्याकडे क्रांतिदिन, त्यात मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्र बंदची हाक. दिवसभर टीव्हीवर रास्ता रोको आणि शटर ओढलेली दुकानं. त्या गडबडीत येमेनची बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली असणार, माझ्याही निसटली होती. आठवडाभराने बॉम्बच्या एका तुकड्याचा फोटो पाहिला तेव्हा मागे जाऊन वाचायला बसलो.

सकाळी साडेआठच्या सुमारास

येमेनच्या उत्तरेला, सौदी अरेबियाच्या सीमेला लागून सअदा प्रांत आहे. हूती ही बंडखोरांची सशस्त्र चळवळ इथलीच. त्यातलं दह्यान हे बाजाराचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या धार्मिक वर्गातली मुलं त्या दिवशी सहलीला निघाली होती. त्यांच्यातल्याच एकाने मोबाइलवर केलेलं चित्रण पुढे जगभर दाखवलं गेलं. दाटीवाटीने बसलेली, एकमेकांना रेटणारी, कॅमेऱ्यापुढे तोंड घालणारी पोरं. आपल्याकडच्या सहलीच्या बसमध्ये जो गोंगाट असतो, तोच. काहीतरी प्यायला घ्यायचं म्हणून बस भर बाजारात थांबली आणि थोड्याच वेळात तिच्यावर बॉम्ब पडला.

रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची मदत असलेल्या एकाच रुग्णालयात पंधरा वर्षांखालच्या २९ मुलांचे मृतदेह आले. पुढे समितीने दिलेला एकूण आकडा असा: ५१ मृत, त्यांत ४० मुलं; ७९ जखमी, त्यांत ५६ मुलं. ढिगाऱ्यात युनिसेफची निळी दप्तरं सापडली. १३ ऑगस्टला सअदात सामुदायिक दफन झालं. त्याच १३ ऑगस्टला अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यावर सही केली. त्या कायद्यात येमेनबद्दल एक कलम होतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

बॉम्ब चुकला नव्हता

बॉम्ब टाकणारं विमान सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीचं होतं. हूतींनी सप्टेंबर २०१४ मध्ये राजधानी सना ताब्यात घेतली आणि २६ मार्च २०१५ पासून ही आघाडी हूतींवर हवाई हल्ले करत होती. लढाई सरळसरळ विषम. एका बाजूला जगातली महागडी लढाऊ विमानं. दुसरीकडे हवाई दल असं काही नाहीच. सुरुंग, तोफा, क्षेपणास्त्रं, आणि गावात मिसळून गेलेले लढवय्ये.

हल्ल्यानंतर आघाडीने पहिल्यांदा सांगितलं की ही रीतसर लष्करी कारवाई होती. आदल्या दिवशी हूतींनी सौदीतल्या जिझानवर क्षेपणास्त्र डागलं होतं, त्यात एकाचा जीव गेला होता, आणि त्याला जबाबदार असणाऱ्यांनाच टिपलं. शिवाय हूती मुलांची ढाल करतात. पुढच्या तीन आठवड्यांत जगभरातून दबाव आला तसा सूर बदलला. १ सप्टेंबरला आघाडीच्याच चौकशी पथकाने चुका झाल्याचं कबूल केलं.

ही कबुली नीट वाचण्यासारखी आहे. पथकाचं म्हणणं असं की बसमध्ये हूतींचे म्होरके असल्याची खबर होती, म्हणून बस हे लक्ष्य ठरलं. विमान वेळेवर तयार झालं नाही, त्यामुळे बस मोकळ्या जागी असताना गाठायची संधी हुकली. बस वस्तीत असल्याने हल्ला करू नका असा हुकूम निघाला, पण तो पोचायला उशीर झाला. तातडीने टिपावं असा धोकाही त्या बसपासून नव्हता.

यात खंत कशाची आहे? जागेची आणि वेळेची. बसमध्ये कोण बसलंय हे कुणी पाहिलं होतं का, या प्रश्नाला कबुली हातच लावत नाही. हुकूम वेळेत पोचला असता तर विमान परतलं असतं. पण विमान वेळेत निघालं असतं तर? तीच मुलं गावाबाहेरच्या रस्त्यावर मेली असती, बाजारातली माणसं वाचली असती, आणि आघाडीच्या कागदावर चूक म्हणून काही उरलंच नसतं. चूक सुधारल्यावर निघणारं उत्तर इतकं भयंकर असेल, तर चूक शोधली तीच चुकीची.

लक्ष्य लष्करी आहे याची खातरजमा करा. शंका असेल तर माणूस नागरिक समजा. होणारी नागरी हानी मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार असेल तर हल्ला रद्द करा. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात (प्रोटोकॉल) हे लिहिलेलं आहे. हा पूरक करार मुख्यतः देशादेशांतल्या युद्धांसाठी असला, तरी त्यातले हे नियम आता रूढ कायदा म्हणून अंतर्गत युद्धांनाही लावले जातात. त्याच करारात आणखी एक कलम आहे, ते बऱ्याच चर्चांत सोयीने विसरलं जातं. शत्रूने नागरिकांची ढाल केली म्हणून तुमची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. ‘ढाल केली’ हा आरोप खरा मानला तरी तो हूतींच्या खात्यावर जातो, सौदीच्या खात्यातून वजा होत नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संघटनेने साक्षीदारांशी आणि जखमी मुलांशी बोलून २ सप्टेंबरला अहवाल काढला, त्यात हा हल्ला युद्धगुन्हा दिसतो असं म्हटलं.

तुकड्यावरचे आकडे

आता तो फोटो. बॉम्बच्या शेपटाकडच्या पत्र्याचा तुकडा, त्यावर ठोकलेली अक्षरं आणि आकडे. ‘सीएनएन’ने स्थानिक पत्रकारांनी टिपलेली ही चित्रं शस्त्रतज्ज्ञांना दाखवली. निघालं ते असं: एमके-८२, वजन ५०० पौंड म्हणजे २२७ किलो, लेझरने दिशा देता येणारा, कंपनी लॉकहीड मार्टिन. अमेरिकी सरकारच्या मंजुरीने सौदीला विकलेला.

स्पर्धा परीक्षांच्या नीतिशास्त्राच्या पेपरात अशी प्रकरणं येतात. एक सज्जन अधिकारी असतो, त्याच्यापुढे तीन पर्याय असतात आणि उत्तराच्या सुरुवातीला संबंधितांची यादी करायची असते. इथे यादी करायला घेतली की गंमत कळते. वैमानिक, त्याला लक्ष्य देणारा, खबर आणणारा, चौकशी करणारा. मग बॉम्ब बनवणारा, विक्रीला मंजुरी देणारा, विमानात हवेतल्या हवेत इंधन भरणारा, सुटे भाग पुरवणारा, देखभाल शिकवणारा, सुरक्षा परिषदेत पाठीशी घालणारा. प्रत्येकाच्या वाट्याला जबाबदारीचा एवढा बारका तुकडा येतो की तो सहज खिशात लपतो. मराठीत याला ‘नामानिराळं राहणं’ म्हणतात, आणि इथे त्याची व्यवस्थाच बसवलेली होती.

या साखळीतल्या इंधनाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. अमेरिकी हवाई दलाची टँकर विमानं २०१५ पासून आघाडीच्या विमानांना आकाशात इंधन देत होती. दह्यानच्या पाच महिने आधी, मार्च २०१८ मध्ये, सिनेटच्या समितीपुढे सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी मध्यपूर्वेची जबाबदारी असणारे जनरल जोसेफ व्होटेल यांना विचारलं की आपण ज्या विमानांत इंधन भरतो ती पुढे कुठे जातात, काय टाकतात, याची नोंद ठेवता का? उत्तर होतं: नाही. त्याच वर्षी डिसेंबरात आणखी एक गोष्ट उघड झाली. पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, या इंधनाची आणि उड्डाणांची बिलंच नीट लावत नव्हतं. आघाडीतल्या सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीकडून ३३ कोटी १० लाख डॉलर येणं बाकी निघालं. त्यानंतर मात्र उड्डाणतासांचा आणि इंधनाचा हिशेब वेगवेगळा, लाखापर्यंत मांडला गेला. इंधन किती गेलं हे मागाहून का होईना मोजता येतं. ते कशासाठी जळलं हे मोजायचं नाही, असं ठरवलेलं असतं.

आधी थांबवून पाहिलं होतं

दह्यान हे पहिलं प्रकरण असतं तर ‘आम्हाला कुठे ठाऊक होतं’ हा बचाव थोडाफार चालला असता. पण मार्च २०१६ मध्ये येमेनमधल्याच मस्तबाच्या बाजारावर हल्ला होऊन किमान ९७ नागरिक मेले होते, आणि तिथेही अमेरिकी बॉम्बचे अवशेष सापडले होते. ८ ऑक्टोबर २०१६ ला सनामध्ये अंत्यविधीसाठी जमलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहावर बॉम्ब पडले. सुमारे १४० मृत, आणि पुन्हा अमेरिकी, लेझरने दिशा दिलेला बॉम्ब. त्यानंतर डिसेंबरात बराक ओबामा यांच्या प्रशासनाने सौदीला अचूक मारा करणाऱ्या बॉम्बचं साहित्य विकणं थांबवलं. कारण दिलं तेही महत्त्वाचं: सौदीची लक्ष्य निवडण्याची पद्धतच सदोष आहे.

२०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ही बंदी उठवली. सिनेटमध्ये विक्री अडवण्याचा प्रयत्न १३ जूनला ५३ विरुद्ध ४७ मतांनी पडला.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दह्यानचा बॉम्ब बंदीआधीच्या खेपेतला की नंतरच्या, याने फार फरक पडत नाही. एकदा तुम्ही कारण देऊन थांबलात, म्हणजे तुम्हाला कळलेलं आहे हे तुम्हीच लिहून दिलंत. मग लक्ष्य निवडण्याची ती पद्धत सुधारली की नाही हे न तपासता पुन्हा सुरुवात केलीत, तर त्या क्षणापासून तुम्ही नुसते दुकानदार राहत नाही. चाकू विकणाऱ्याला खुनी म्हणता येत नाही, हे मान्य. पण ज्याने एकदा ‘हा माणूस भोसकतो’ म्हणून चाकू द्यायचा थांबवला, आणि मग नवा चाकू दिला, वर धार लावून द्यायलाही रोज घरी जाऊ लागला, त्याला काय म्हणायचं?

समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अचूक बॉम्ब दिले नाहीत तर सौदी साधे बॉम्ब टाकेल आणि जास्त माणसं मरतील. आम्ही हात काढला तर रशिया-चीन पुरवतील, आणि ते समजावण्याचेही कष्ट घेणार नाहीत. सोबत राहिलो तरच कान धरता येतो. यात तथ्य आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकी सल्लागारांनी सौदीला प्रशिक्षण दिलं, कुठे मारायचं नाही याच्या याद्या पुरवल्या. पण दह्यानचा बॉम्ब भरकटलाच नव्हता, बरोब्बर सांगितल्या जागी पडला. अचूकपणा बॉम्बला असतो, सांगणाऱ्याला तो विकत देता येत नाही. आणि कान धरायला हातात कान असावा लागतो, तसा तो धरायची तयारीही असावी लागते.

तयारी किती होती याची परीक्षा लगेचच झाली. १३ ऑगस्टच्या त्या कायद्यातलं कलम सांगत होतं की सौदी आणि अमिरात नागरी हानी कमी करायला खरोखर पावलं उचलत आहेत असं परराष्ट्रमंत्र्यांनी लेखी प्रमाणित केलं, तरच इंधन भरणं चालू ठेवता येईल. १२ सप्टेंबरला माइक पॉम्पिओ यांनी तसं प्रमाणपत्र दिलं. त्यांच्या खात्यातल्या बऱ्याच तज्ज्ञांचा याला विरोध होता, आणि प्रमाणपत्र नाकारलं तर सुमारे दोन अब्ज डॉलरच्या शस्त्रविक्रीवर गदा येईल हे कारण आत फिरत होतं, असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने आठवडाभराने छापलं.

कायदा काय पकडू शकतो

‘मदत करणारा केव्हा गुन्हेगार?’ यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी बराच खल केला आहे, आणि एकमत झालेलं नाही. निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेने पैसा आणि शस्त्रं पुरवली, त्या खटल्यात १९८६ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवलं की बंडखोरांची प्रत्येक कृती अमेरिकेच्या माथी मारायची तर त्या कृतीवर अमेरिकेचा प्रत्यक्ष ताबा दाखवावा लागेल. पट्टी खूप वर ठेवली. मात्र अमेरिकेने स्वतः जे केलं त्याबद्दल तिला दोषीही धरलं.

व्यक्तींच्या बाबतीत तर निकाल हेलकावे खातात. बोस्नियातल्या सर्ब सैन्याला सामग्री पुरवणाऱ्या जनरल मोमचिलो पेरिशिच यांना युगोस्लाव्हियाविषयीच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडलं, कारण मदत ‘नेमकी गुन्ह्यासाठीच’ दिल्याचं सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांची, सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना मदत केल्याबद्दलची, ५० वर्षांची शिक्षा कायम केली आणि ती अट लागत नाही म्हटलं. आपल्या मदतीने गुन्हे घडतायत हे ठाऊक असणं आणि मदतीचा ठोस परिणाम असणं पुरेसं. पुढच्या जानेवारीत युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणानेही आपलं आधीचं मत फिरवलं.

वॉशिंग्टनमधल्या वकिलांना हे माहीत होतं. सनातल्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी ‘रॉयटर्स’ने बातमी दिली की सौदीला मदत करता करता आपले अधिकारीच युद्धगुन्ह्यांच्या कचाट्यात सापडतील का, याची चर्चा सरकारी वकिलांत झाली होती, आणि त्यात टेलर खटल्याचा उल्लेख होता. ब्रिटनमध्ये प्रकरण थेट कोर्टात गेलं. जून २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं की पूर्वीच्या हल्ल्यांत कायदाभंग झाला होता की नाही हे न ठरवताच सरकार सौदीला शस्त्रपरवाने देत होतं, आणि ते बेकायदा आहे. वर्षभराने सरकारने ठरवून टाकलं की झालेल्या घटना ‘सुट्या’ आहेत, त्यांत काही सूत्र दिसत नाही. परवाने पुन्हा सुरू.

आपला तो बाब्या

हूती मात्र कुणी बिचारे नव्हेत. त्यांनी पेरलेल्या सुरुंगांनी आजही येमेनी शेतकरी आणि पोरं पांगळी होतात. तैझ शहरावर त्यांनी वर्षानुवर्षं तोफा डागल्या. लहान मुलांना लढाईत ओढल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत त्यांचं नाव वारंवार आलं, आणि त्यांच्या उन्हाळी वर्गांतून मुलांच्या डोक्यात युद्ध भरलं जातं हेही नोंदलं गेलं आहे. सअदातल्या त्यांच्या न्यायालयाने २०२० मध्ये ट्रम्प आणि सौदी राजाला दह्यानबद्दल गैरहजेरीत फाशी सुनावली. स्वतःच्या सुरुंगांवर त्यांनी असा खटला भरल्याचं ऐकिवात नाही.

आणि त्यांच्याही मागे हात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की सौदीवर डागलेल्या क्षेपणास्त्रांचे अवशेष इराणी बनावटीचे आहेत, आणि शस्त्रबंदी असताना हा पुरवठा थांबवण्यात इराण कमी पडला. तेहरानचं उत्तर? कानावर हात. १७ जानेवारी २०२२ ला हूतींनी अबू धाबीवर हल्ला केला, इंधनाचे टँकर पेटले, तिघे मेले. दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी, तिघेही पोटासाठी तिथे गेलेले. वॉशिंग्टनला लावलेली कसोटी तेहरानलाही तशीच लागते: काय घडतंय ते माहीत होतं का, आणि थांबवता येत होतं का? इराणला माहीत होतं. पण जो तो दुसऱ्याच्या बॉम्बवरचे आकडे वाचतो. २०१६ मध्ये मुलांना मारणाऱ्या पक्षांच्या यादीत संयुक्त राष्ट्रांनी सौदी आघाडीचं नाव घातलं आणि काही दिवसांतच काढलं. मदतनिधी बंद होण्याची भीती होती, हे सरचिटणीस बान की मून यांनी उघड मान्य केलं. पुढच्या वर्षी नाव परत आलं, २०२० मध्ये पुन्हा गळलं.

नंतर

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधन भरणं थांबलं, पण बसमुळे म्हणावं तर तसं नाही. मधल्या काळात, २ ऑक्टोबरला, इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगी यांचा खून झाला होता आणि वॉशिंग्टनमधलं वारं फिरलं होतं. चाळीस मुलांनी जे झालं नाही ते ओळखीच्या एका माणसाने झालं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तारखांचा क्रम तसाच आहे. डिसेंबरात सिनेटने येमेन युद्धातला अमेरिकेचा सहभाग संपवण्याचा ठराव ५६ विरुद्ध ४१ ने मंजूर केला. पुढच्या वर्षी तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि १६ एप्रिल २०१९ ला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. महिनाभराने ‘आणीबाणी’ दाखवून अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे संसदेला, वळसा घालत ८.१ अब्ज डॉलरची शस्त्रविक्री पुढे रेटली. परराष्ट्र खात्याच्याच अंतर्गत तपासनिसाने २०२० मध्ये म्हटलं की ती करताना नागरी मृत्यूंचा धोका पुरता तोलला नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी आक्रमक कारवायांची मदत बंद केली. एप्रिल २०२२ मध्ये युद्धविराम झाला. त्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला: २०१५ ते २०२१ या काळात सौदी आणि अमिरातीला ५४.६ अब्ज डॉलरची लष्करी मदत गेली, आणि तिच्यामुळे येमेनी नागरिकांची किती हानी झाली हे संरक्षण आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांनी पुरतं ठरवलेलं नाही.

सौदीला आक्रमक शस्त्रं विकण्यावरची बंदी उठवत असल्याचं बायडेन प्रशासनाने जाहीर केलं तो शुक्रवार होता, तारीख ९ ऑगस्ट २०२४.